ताजा लेप आणि टिकाऊ मलम

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



हीरक महोत्सवाच्या व्याख्यानासाठी वनौषधींचा, आणि त्यातही त्वचेवर लावायच्या औषधांचा विषय निवडण्यामागे एक कारण आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी कुटुंबे छत्तीसगढात येत राहिली. त्यांनी आपल्याबरोबर भाषा आणली, सणवार आणले आणि घरगुती औषधांचा बटवाही आणला. सहाण, वेखंड, हळकुंड, मायफळ यांनी भरलेला तो बटवा इथल्या मातीत आणखी समृद्ध झाला. कारण ज्या राज्याचा सुमारे ४४ टक्के भूभाग वनांचा आहे, तिथे शेजारच्या घरातही एखादी नवी मुळी, नवे तेल सापडत असे. आज या बटव्याचे काय झाले, त्यातले काय टिकले आणि काय टिकवता येईल, हा प्रश्न प्रत्येक घराचा आहे. त्याचे उत्तर मात्र केवळ अभिमानाने मिळणारे नाही. त्यासाठी शास्त्र लागते आणि लेखणीही लागते.

या प्रश्नाची सुरुवात सर्वांच्या परिचयाच्या एका प्रकरणाने करणे योग्य ठरेल. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट दिले. त्याचा क्रमांक ५४०१५०४. विषय होता जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. पोटातून घेतलेली आणि जखमेवर लावलेली हळद, दोन्ही त्या दाव्यात समाविष्ट होत्या. ज्या देशात चाकूने बोट कापले की स्वयंपाकघरातला हळदीचा डबा आधी उघडला जातो, त्या देशाला हे वाचून हसावे की संतापावे हे कळेना.

त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातील माशेल गावी जन्मलेले आणि मुंबईत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले. परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये या पेटंटाच्या फेरतपासणीची मागणी केली. इथे कायद्याची एक अडचण समोर आली. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशात एखादी गोष्ट लोक पिढ्यानपिढ्या करीत आले आहेत, एवढे सांगून भागत नसे. ती कुठेतरी छापलेली, प्रसिद्ध झालेली दाखवावी लागे. कोट्यवधी घरांतील आज्यांची साक्ष त्या कार्यालयात ग्राह्य नव्हती. एक छापील पान मात्र ग्राह्य होते. परिषदेने संस्कृत, हिंदी आणि उर्दू ग्रंथांतून, तसेच वैद्यकीय नियतकालिकांतून असे ३२ संदर्भ काढले. त्यांतील काही शंभर वर्षांहून जुने होते. भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली प्रसिद्ध झालेला एक निबंधही त्यांत होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने या पेटंटातील सर्व दावे फेटाळले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहू लागले. त्यात आयुर्वेदादी ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत नोंदले गेले, ते याच अनुभवातून.

हा विजय मोठा होता. पण त्याच्या शेजारी आणखी एक प्रकरण ठेवले म्हणजे चित्र पूर्ण होते. कडुलिंबाच्या बियांतील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य कीटकांना दूर ठेवते. भारतीय शेतकरी निंबोळ्या कुटून, पाण्यात भिजवून तो अर्क ताजा फवारत आले. ताजाच, कारण तो ठेवला की निकामी होतो. उन्हात तर लवकरच. १९९२ मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेस या अमेरिकी कंपनीला जे पेटंट मिळाले, ते हा अर्क साठवणीत टिकून राहील अशा मिश्रणाचे होते. कडुलिंबासंबंधी युरोपात दिले गेलेले एक वेगळे पेटंट २००० साली रद्द झाले आणि २००५ मध्ये अपिलातही ते वाचले नाही. त्या सुनावणीत १९८५-८६ साली पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर झालेले प्रयोग पुराव्यात आले होते. अमेरिकेतील टिकाऊ मिश्रणाच्या पेटंटालाही विरोध झाला. ते मात्र कायम राहिले.

या दोन निकालांत एक धडा आहे. वनस्पतीचा गुण आपल्या पूर्वजांना ठाऊक होता, तेवढ्यापुरता दावा कोणालाही करता आला नाही. परंतु तो गुण सहा महिने, वर्षभर बाटलीत शाबूत ठेवण्याची रीत हे नवे काम होते. ते ज्याने केले, त्याचे ते झाले. देशी वनस्पतींच्या अर्कापासून त्वचेवर लावायची टिकाऊ औषधे बनवणे हा विषय म्हणूनच महत्त्वाचा आहे. आजीचा लेप आणि औषधाच्या दुकानातील मलम यांच्यामधले अंतर नेमके कशाचे आहे, ते पाहू या.

पहिली गोष्ट अशी की औषध शिळे होते, हे प्राचीन शास्त्राला पुरेपूर माहीत होते. सुश्रुतसंहितेत लेपांचे प्रकार सांगताना शिळा लेप कधीही लावू नये, एकदा वापरलेला लेप पुन्हा लावू नये, असे स्पष्ट निर्बंध आहेत. शार्ङ्गधरसंहितेत तर औषधांच्या आयुष्याचा हिशेबच दिला आहे. साधी वाळलेली वनस्पती वर्षानंतर गुणहीन होते, चूर्ण दोन महिन्यांत आपले वीर्य गमावते. म्हणजे आज आपण वेष्टनावर जी अंतिम तारीख शोधतो, ती कल्पना परकी नाही. चूर्ण लवकर का बिघडते, याचे उत्तरही सोपे आहे. कुटल्यामुळे वनस्पतीचा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. हवा, ओल आणि प्रकाश तिच्या कणाकणापर्यंत पोचतात. अख्खे हळकुंड वर्षभर रंग राखते, पण दळलेली हळद काचेच्या बरणीत खिडकीशी ठेवली तर फिकी पडते, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले आहे.

यावर पूर्वजांनी शोधलेला उपाय म्हणजे स्नेह, अर्थात तेल आणि तूप. पाण्यातला काढा दुसऱ्या दिवशी आंबतो. तेलात सिद्ध केलेले औषध महिनोन्महिने राहते. सिद्ध तेल करताना पाण्याचा अंश पूर्ण आटेपर्यंत ते मंद आचेवर ठेवायचे आणि त्यात बुडवलेली वात तडतड न करता जळते का हे पाहायचे, ही परीक्षा म्हणजे ओल उरली नाही याची खात्री होय. शतधौत घृत हे त्याचे आणखी सुंदर उदाहरण. तूप तांब्याच्या भांड्यात पाण्याने शंभर वेळा फेटून धुतले की ते पांढरेशुभ्र, लोण्याहून मऊ होते आणि अंगावर लावताच गारवा देते. आजच्या भाषेत ती पाणी आणि स्निग्ध पदार्थ यांची एकजीव घडण, म्हणजे एक प्रकारचे क्रीमच आहे.

कोकणात टाचांच्या भेगांना भिरंडेल लावतात. कोकमाच्या बियांचे हे तेल थंड हवेत वडीसारखे घट्ट राहते आणि अंगाच्या उबेने विरघळते. छत्तीसगढात हेच काम मोहाच्या बियांचे, म्हणजे टोरीचे, तेल करते. थंडीत तेही गोठते. कोकणातून आलेल्या कुटुंबाला रायपुरात भिरंडेल मिळाले नाही, तरी टोरीचे तेल मिळाले. एका प्रदेशाचे ज्ञान दुसऱ्या प्रदेशाच्या झाडात आपले प्रतिरूप शोधते, ते असे.

मराठी स्वयंपाकघरातील लोणच्याची बरणी हीसुद्धा या शास्त्राची पाठशाळा आहे. बरणी चिनी मातीची असावी, उन्हात तापवून कोरडी केलेली असावी, वर तेलाचा थर असावा आणि ओला चमचा आत जाऊ नये. यामागे प्रकाश, हवा, ओल आणि जंतू या चार शत्रूंना दूर ठेवण्याची व्यवस्था आहे. मलमाच्या कारखान्यात जे चालते, ते याच चार शत्रूंशी अधिक मोजूनमापून केलेले युद्ध असते.

आता हळदीकडेच पुन्हा वळू. तिचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळे आहे, ते कर्क्युमिन १८१५ साली प्रथम वेगळे काढण्यात आले आणि १९१० मध्ये त्याची रासायनिक रचना निश्चित झाली. हळदीत ते साधारण दोन ते पाच टक्के असते. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये विरघळते, तेलात थोडेफार उतरते. प्रकाशात ते विघटित होते. आम्लात ते बरेच शांत राहते, पण अल्कलीच्या सान्निध्यात झपाट्याने मोडते. प्रयोगशाळेत शरीराच्या तापमानाला, किंचित अल्कधर्मी पाण्यात ठेवलेले कर्क्युमिन अर्ध्या तासात ९० टक्के नाहीसे झाल्याचे दिसले आहे.

हे रसायनशास्त्र मराठी घराला नवे नाही. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की तो लाल होतो. हळदीवर टाकणखार आणि लिंबाचा रस यांची प्रक्रिया करून पूर्वी घरोघर कुंकू केले जाई. कपाळावरचे ते लाल कुंकू म्हणजे हळदीच्या रंगद्रव्यावर क्षाराने घडवलेला बदल होता. ज्या क्षारामुळे कुंकू लाल होते, त्याच क्षारामुळे मलमातील हळद निकामी होऊ शकते. म्हणून हळदीचे मलम बनवणाऱ्याला त्या मलमाची आम्लता काळजीपूर्वक राखावी लागते. सुदैवाने निरोगी त्वचाही किंचित आम्लधर्मीच असते. तिचा सामू साधारण पाचच्या आसपास असतो. त्यामुळे हळदीला मानवणारे आणि त्वचेला मानवणारे वातावरण एकच ठरते.

रानातील पानापासून दुकानातील नळीपर्यंतचा प्रवास कोणत्या पायऱ्यांनी होतो, ते थोडक्यात पाहण्यासारखे आहे.

पहिली पायरी ओळखीची. कालमेघ या कडू वनस्पतीचे उदाहरण घ्यावे. कोकणात तिला ओले किराईत म्हणतात, छत्तीसगढात भुईनीम म्हणतात आणि बाजारात पुष्कळदा ती चिरायता या नावाने विकली जाते. खरा चिरायता हिमालयातील वेगळीच वनस्पती आहे. नाव चुकले की औषध चुकले. म्हणून संशोधनाच्या पहिल्या पानावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, ती कुठून व कोणत्या महिन्यात गोळा केली याची नोंद आणि वाळवून जपलेला नमुना असावा लागतो. एकच झाड पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगवेगळ्या प्रमाणात द्रव्ये देते. मुळी कधी काढावी, साल कधी काढावी याविषयी बैगा आणि गुनिया पाळतात त्या नियमांकडे या दृष्टीने आदराने पाहायला हवे.

दुसरी पायरी अर्काची. सावलीत वाळवलेले पान पाण्यात भिजवावे, अल्कोहोलमध्ये की तेलात, यावर अर्कात काय उतरेल हे ठरते. त्यानंतर त्या अर्कातील एखादे ओळखीचे द्रव्य खूण म्हणून निवडले जाते. हळदीत कर्क्युमिन, कालमेघात अँड्रोग्राफोलाइड, करंजाच्या तेलात करंजिन. प्रत्येक घाण्यात ही खूण ठरल्या प्रमाणात आहे की नाही हे मोजले जाते. आजीच्या चिमटीचे माप तिच्या बोटांपुरते खरे होते. हजारो लोकांच्या हाती जाणाऱ्या औषधाला ते माप आकड्यांत बांधावे लागते.

तिसरी पायरी आधारद्रव्याची. अर्क थेट त्वचेवर टिकत नाही. त्याला धरून ठेवणारे काही लागते. नुसत्या तेला-मेणाचे मलम टिकते चांगले, पण चिकट होते. पाणी आणि तेल एकजीव केलेले क्रीम त्वचेत सहज मुरते, पण त्यात पाणी आले की बुरशी आणि जंतूही येतात. म्हणून त्यात योग्य संरक्षकद्रव्य घालावे लागते. ‘यात कोणतेही रसायन नाही’ ही जाहिरात वाचून पालकांना समाधान वाटते. परंतु पाणी असलेल्या क्रीममध्ये संरक्षक नसेल तर काही आठवड्यांत त्यात जे वाढते, ते तान्ह्या बाळाच्या त्वचेसाठी कोणत्याही मान्यताप्राप्त संरक्षकद्रव्यापेक्षा अधिक घातक असू शकते. कोरफडीचा गर हे याचे ढळढळीत उदाहरण आहे. पान चिरून काढलेला गर काही तासांत तांबूस पडू लागतो. बाजारात मिळणारा स्वच्छ, पारदर्शक गर वर्षभर तसाच राहतो, तो त्यावर केलेल्या प्रक्रियेमुळे आणि त्यात घातलेल्या संरक्षकांमुळे.

चौथी पायरी परीक्षेची, आणि ती सर्वांत दीर्घ आहे. तयार मलमाचे नमुने ४० अंश सेल्सिअस तापमानात आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवतात. ठरावीक दिवसांनी ते उघडून रंग, वास, घट्टपणा, सामू, खुणेच्या द्रव्याचे प्रमाण आणि जंतूंची संख्या तपासतात. पाणी आणि तेल वेगळे झाले, रंग उतरला किंवा खुणेचे द्रव्य घटले, तर सारे पुन्हा पहिल्यापासून. शिवाय साध्या तापमानात वर्षानुवर्षांची परीक्षा समांतर चालूच असते. रायपूरकरांना या ४० अंशांचे नवल वाटायचे नाही. इथे मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो आणि त्यामागोमाग पावसाळ्याची दमट हवा येते. युरोपातील थंड हवेत दोन वर्षे उत्तम राहणारे क्रीम इथल्या पत्र्याच्या छपराखालील दुकानात एका उन्हाळ्यात फुटू शकते. म्हणून इथल्या लोकांसाठीची औषधे इथल्या हवेत तपासलेली असावीत, ही मागणी शास्त्राला धरूनच आहे.

हे काम रायपुरात होतही आहे. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र संस्थेतून वनस्पतिजन्य क्रीम आणि तेलांवर सातत्याने संशोधन प्रसिद्ध झाले आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात विविध तेले सूर्यकिरणांपासून कितपत संरक्षण देतात हे प्रयोगशाळेत मोजले गेले. स्थिर तेलांचा संरक्षण-अंक दोन ते आठ आणि सुगंधी तेलांचा एक ते सात यांच्या दरम्यान आला. त्याचा व्यवहारातील अर्थ असा की खोबरेल किंवा तत्सम तेल अंगाला लावून भर उन्हात खेळणाऱ्या मुलाला काही अंशी संरक्षण मिळते, परंतु केवळ तेवढ्यावर विसंबता येत नाही. परंपरेत तथ्य आहे आणि त्या तथ्याला मर्यादाही आहे. एका मोजमापातून दोन्ही गोष्टी कळतात, हे अशा संशोधनाचे मोल.

मराठी उद्योजकतेच्या इतिहासातही या विषयाचे एक ठळक पान आहे. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी स्थापन केली. तिच्याच आद्याक्षरांतून ‘विको’ हे नाव झाले. हळदीचे क्रीम लावले की चेहरा पिवळा दिसेल, हा ग्राहकांचा पहिला आक्षेप. हळदीचा अर्क सहज जिरणाऱ्या क्रीममध्ये बसवून कंपनीने तो दूर केला आणि घरातली हळद नळीत आली. पुढे हे क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, असा अबकारी कराचा वाद उभा राहिला आणि तो वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला. सर्वोच्च न्यायालयातही निर्णय आयुर्वेदिक औषधाच्या बाजूने लागला. ज्या वस्तूला लोक एकाच वेळी उटणे आणि औषध दोन्ही मानतात, ती कायद्याच्या कोणत्या खणात ठेवायची हा पेच आपल्या परंपरेतूनच आलेला आहे. आपल्या शास्त्रात वर्ण्य लेप, म्हणजे कांती सुधारणारा लेप, हाही लेपाचाच एक प्रकार आहे.

आता पालकांसाठी काही सावधगिरीच्या गोष्टी.

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत चुकीची आहे. ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार मराठीत उगाच रूढ झालेला नाही. छत्तीसगढच्या रानात भिलावा म्हणून मुबलक मिळणारा हाच बिब्बा. त्याच्या तेलाने धोबी कपड्यांवर न पुसली जाणारी खूण करीत. कातडीला लागला तर तो फोड आणतो. बावचीचे तेल पांढऱ्या डागांवर वापरले जाते, पण ते लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते. अशी औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच वापरावीत. कोणतेही नवे मलम आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून एक दिवस पाहावे.

वेष्टन वाचण्याची सवय घरात लावावी. आयुर्वेदिक औषधावर परवाना क्रमांक, घाणा क्रमांक, घटकद्रव्ये, उत्पादनाची तारीख आणि वापराची अंतिम मुदत असणे कायद्याने आवश्यक आहे. चार दिवसांत खाज थांबवणारे, आठ दिवसांत गोरेपणा देणारे, परवाना क्रमांक नसलेले डबीतले मलम संशयास्पद मानावे. अशा काही तथाकथित जडीबुटीच्या मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे तपासणीत आढळलेले आहे. त्यांनी त्वचा पातळ होते आणि सुटका कठीण होते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. भाजल्यावर हळद, तूप किंवा दंतमंजन लावण्याची घाई करू नये. वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली तो भाग धरावा आणि जखम मोठी वा खोल असल्यास थेट रुग्णालय गाठावे. शतधौत घृताची थोरवी सांगितल्यानंतर हे सांगणे विसंगत नाही. कोणते औषध केव्हा लावू नये, हेही शास्त्रच सांगते.

या विषयाला न्यायाची एक बाजूही आहे. रानातून हर्रा, बहेडा, कालमेघ, करंजाच्या बिया गोळा करून आणणारे हात बहुतांशी आदिवासी स्त्रियांचे असतात. एका नळीच्या किमतीतून त्यांच्या हाती किती पडते, हा प्रश्न विचारायलाच हवा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक लोकांच्या ज्ञानातून व साधनसंपत्तीतून होणाऱ्या लाभात त्यांचा वाटा मान्य केला आहे. छत्तीसगढ राज्य लघु वनोपज सहकारी संघ ‘छत्तीसगढ हर्बल्स’ या नावाने जी उत्पादने बाजारात आणतो, त्यामागेही गोळा करणाऱ्यांपर्यंत मोल पोचावे हाच हेतू आहे. कच्ची पाने पोत्यांनी बाहेर जातात तोवर भाव व्यापाऱ्याचा. अर्क काढणे, तो टिकवणे, तपासणे ही कामे जिथे वनस्पती उगवते तिथेच झाली, तर शिकलेल्या मुलांना काम आणि रानाला राखणदार मिळतो. सालीसाठी झाड मारणे आणि मुळीसाठी सारा ताटवा उपटणे थांबवायचे असेल, तर ते झाड उभे राहण्यात कोणाचा तरी लाभ असला पाहिजे.

शेवटी शाळेविषयी. हळदीच्या लढ्यात जे ३२ संदर्भ कामी आले, ते कोणीतरी कधीतरी आपल्या भाषेत लिहून ठेवले होते म्हणून. लिहिणाऱ्याला पेटंट हा शब्दही ठाऊक नसेल. मराठीतही ही परंपरा आहे. १९०७ साली आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात करणारे शंकर दाजीशास्त्री पदे यांनी ‘वनौषधी गुणादर्श’ या ग्रंथातून वनस्पतींचे गुण मराठीत नोंदवले. अशा नोंदींचे काम थांबले, तर आजच्या घरांतील ज्ञान पुढच्या एखाद्या वादात पुरावा म्हणून उभे राहणार नाही. रायपुरातील मराठी घरांत मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी अशी तीन भाषांतील नावे एकाच वेळी वावरतात. ओले किराईत, चिरायता आणि भुईनीम यांतला गोंधळ आणि त्यांतले ऐक्य ज्या मुलाला कळते, त्याच्याइतका चांगला नोंद करणारा दुसरा कोण? प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका वनस्पतीची तिन्ही भाषांतील नावे, ती कशी व कधी वापरत असत, काय मिसळत असत आणि काय टाळत असत हे तारखेसह लिहावे. विज्ञानाच्या तासाला त्याच हळदीवर साबण आणि लिंबू यांचा प्रयोग करावा. दळलेली हळद उन्हात आणि अंधारात महिनाभर ठेवून रंगातील फरक वहीत मांडावा. एवढ्या साधनांत टिकाऊपणाच्या शास्त्राचा पहिला धडा पुरा होतो.

मातृभाषेत शिकणाऱ्या मुलाला विज्ञान दूर राहते, अशी शंका पालकांच्या मनात अधूनमधून येते. ज्या मुलाने आजीच्या तोंडून हळदीचे गुण मराठीत ऐकले, त्याला कर्क्युमिन मराठीत समजावून सांगितले तर ते दोन वेगळ्या जगांतले वाटत नाहीत. माशेलकरांचे शालेय शिक्षण मराठीत झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत परिषद हळदीसाठी जगातील सर्वांत बलाढ्य पेटंट कार्यालयासमोर उभी राहिली, ही गोष्ट शंका घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी औषधनिर्माणात, कोणी वैद्यकात, कोणी वनखात्यात, कोणी व्यापारात आहेत. त्यांच्याकडून अपेक्षा एवढीच की आपल्या क्षेत्रातील थोडे ज्ञान त्यांनी शाळेतील मुलांपर्यंत आणावे आणि मुलांनी जमवलेल्या नोंदी तपासून द्याव्यात. साठ वर्षांपूर्वी ज्यांनी या शहरात मराठी शाळा काढली, त्यांनी एक भाषा टिकवण्याचे काम हाती घेतले होते. त्या भाषेत साठलेले ज्ञान तपासून, मोजून, लिहून पुढे देणे हे त्याच कामाचे पुढचे पान आहे.